गावच्या घराचे कॅमेरे लांबून बघायचे तर राउटरमध्ये काय करायचं

गावाकडच्या घराला चार कॅमेरे लागले, त्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर कपाटावर बसला, फायबरची लाइनही आली. आता पुण्यात, मुंबईत नाहीतर दुबईत बसून मोबाइलवर अंगण दिसावं एवढीच अपेक्षा असते. सीसीटीव्हीवाला म्हणतो, ‘पोर्ट फॉरवर्ड करून देतो’, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून थेट डीव्हीआरपर्यंत जायचं दार (पोर्ट) उघडून देतो. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओही तेच शिकवतात: राउटरच्या पानावर जा, व्हर्च्युअल सर्व्हर उघडा, ८००० किंवा ३७७७७ भरा, सेव्ह करा. आपल्याकडच्या कितीतरी कनेक्शनवर हा उपाय चालतच नाही आणि जिथे चालतो तिथे तो करू नये. दोन्हीची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकेक करून बघू.

आधी आयपी पत्ता तपासा

घरच्या वायफायवर राहून राउटरचं पान उघडा. जिओच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२९.१ असतो, बाकी बहुतेकांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. नेमका पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. आत स्टेटस किंवा वॅन (राउटरची बाहेरची, कंपनीकडची बाजू) नावाच्या पानावर आयपीव्ही४ पत्ता दिसेल, तो लिहून घ्या. मग त्याच वायफायवरून ‘माझा आयपी’ दाखवणारी कुठलीही साइट उघडा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून ताडून पाहा. साइटने कोलन असलेला लांबलचक पत्ता दाखवला तर तो आयपीव्ही६ आहे, इथे तो कामाचा नाही. फक्त आयपीव्ही४ दाखवणारी साइट घ्या.

दोन्ही आकडे सारखे असतील तर तुमच्याकडे सार्वजनिक पत्ता आहे. वॅनचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कुठल्याही आकड्याने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे कंपनीच्या मोठ्या नॅटच्या मागे आहात. नॅट म्हणजे अनेक यंत्रांनी बाहेर एकच पत्ता वापरण्याची सोय, घरचा राउटरही तेच करतो. हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. वॅनवर १०, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असेल तर पुढे आणखी एक नॅट आहे. तो कंपनीचा असेल, नाहीतर तुमच्याच घरातला.

सीजीनॅटमध्ये शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता असतो. बाहेरून आलेली विनंती कंपनीच्या यंत्रापर्यंत येते आणि ती नेमकी कोणाकडे पाठवायची हे त्या यंत्राला ठाऊक नसतं, म्हणून ते ती टाकून देतं. तुमच्या राउटरपर्यंत ती पोचतच नाही. अशा वेळी राउटरमध्ये पोर्ट उघडा, डीएमझेड लावा (बाहेरचं सगळं एकाच यंत्राकडे वळवा), यूपीएनपी चालू करा (यंत्रांना स्वतःच पोर्ट उघडू द्या), काही म्हणजे काही होत नाही. लोक इथे आख्खा रविवार घालवतात, राउटर दोनदा रीसेट करतात आणि शेवटी डीव्हीआरच खराब म्हणून मोकळे होतात.

कंपनीचं नाव ऐकून अंदाज बांधू नका. एकाच कंपनीचं कनेक्शन एका तालुक्यात सार्वजनिक पत्ता देतं आणि शेजारच्या तालुक्यात देत नाही. सिमकार्डवर चालणाऱ्या राउटरवर आणि एअरफायबरसारख्या वायरलेस जोडणीवर सीजीनॅटच असणार असं धरून चाला. कस्टमर केअरला विचारताना ‘स्टॅटिक पब्लिक आयपीव्ही४’ हेच शब्द वापरा. नुसतं ‘स्टॅटिक आयपी’ म्हटलं तर कधीकधी आतलाच एक पत्ता कायम करून देतात, त्याचा काही उपयोग नसतो.

घरातला दुहेरी नॅट मात्र आपल्या हातात असतो. कंपनीच्या फायबरच्या डब्यामागे तुम्ही स्वतःचा राउटर जोडलेला असेल तर बहुतेक वेळा दोघेही राउटरचं काम करत असतात. सोपा उपाय म्हणजे आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकायचा, म्हणजे तो फक्त वायफाय देतो आणि नॅट एकच उरतो. दुसरा उपाय डबा ब्रिज मोडमध्ये टाकून (म्हणजे तो राउटरचं काम सोडून लाइन नुसती पुढे देतो) पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या लॉगिनचं युजरनेम आपल्या राउटरमध्ये भरण्याचा. तो अधिक नीटस आहे, पण कंपनीच्या डब्यावर बऱ्याचदा ती सोय कुलूपबंद असते आणि लँडलाइनचा फोन त्याच डब्यावर असेल तर तो बंद पडू शकतो.

घरातली मांडणी

रिमोटच्या कुठल्याही पद्धतीआधी घरातलं नेटवर्क जागेवर आणावं लागतं. पहिली गोष्ट, घरातला पत्त्यांचा पट्टा बदला. राउटरच्या लॅन (घरातलं नेटवर्क) पानावर १९२.१६८.१.१ च्या जागी १९२.१६८.४७.१ असं काहीतरी कमी वापरातलं घ्या. कारण पुढे व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कात यायचा खाजगी बोगदा) लावलं की तुमच्या पुण्याच्या घरचा पट्टाही १९२.१६८.१ असेल, तर मोबाइल गावच्या डीव्हीआरला पुण्याच्याच वायफायवर शोधत बसतो. मोबाइल डेटावर चित्र येतं, घरच्या वायफायवर येत नाही, असं दिसलं की आधी हीच टक्कर तपासा.

मग डीव्हीआरला कायमचा पत्ता द्या. हायकव्हिजनचे कॅमेरे मुळात १९२.१६८.१.६४ वर येतात आणि डीव्हीआर सहसा १९२.०.०.६४ वर, दाहुआची आणि त्या घराण्यातली यंत्रं १९२.१६८.१.१०८ वर. डीव्हीआरच्या नेटवर्क पानावर डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता घेणं) बंद करून पत्ता १९२.१६८.४७.२०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे (राउटरचा पत्ता) १९२.१६८.४७.१ आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) ८.८.८.८ असं हाताने भरा. राउटरमध्ये डीएचसीपीचा पट्टा १०० ते २०० ठेवा, म्हणजे २० नंबर दुसऱ्या कुठल्या मोबाइलला जाणार नाही. राउटरमध्ये मॅक पत्त्यावर (यंत्राच्या कायमच्या ओळख-क्रमांकावर) रिझर्व्हेशन करूनही हे जमतं, पण मी डीव्हीआरमध्येच भरण्याच्या बाजूचा आहे. वीज जाऊन आली की डीव्हीआर कधीकधी राउटरच्या आधी उठतो, त्याला पत्ता द्यायला कोणी नसतं आणि तो तसाच अडकून बसतो.

गेटवे आणि डीएनएस हे दोन रकाने बारकाईने बघा. इंटरनेटची कंपनी बदलली, नवा राउटर आला, की डीव्हीआरमध्ये जुना गेटवे तसाच राहतो. घरच्या टीव्हीवर चारही कॅमेरे व्यवस्थित दिसतात, रेकॉर्डिंग चालू असतं, ॲपमध्ये मात्र ‘ऑफलाइन’. ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिचं उत्तर बहुतेक वेळा या दोन रकान्यांतच असतं.

घड्याळही तपासा. टाइम झोन जीएमटी अधिक ५:३० आणि एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणं) चालू. तारीख २००० सालावर घसरली असेल तर सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र चुकीचं ठरतं आणि कंपनीच्या सर्व्हरशी डीव्हीआर बोलू शकत नाही. प्रत्येक वेळी वीज गेल्यावर तारीख घसरत असेल तर आतल्या बोर्डावरचा बटन सेल संपलेला असतो.

राउटरमधलं यूपीएनपी बंद करा. ते चालू असलं की डीव्हीआर तुम्हाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेतो.

अपलोडचा हिशेब

लांबून बघताना गावच्या लाइनचा अपलोड वापरला जातो, डाउनलोड नाही. १०८० पिक्सेलचा एक कॅमेरा एच.२६५ या नव्या व्हिडिओ-कॉम्प्रेशनवर साधारण २ एमबीपीएस घेतो, जुन्या एच.२६४ वर ४. चारही कॅमेरे मुख्य स्ट्रीमवर एकदम उघडले तर ८ ते १६ एमबीपीएस अपलोड हवा. फायबरवर तो मिळतो, ४जी राउटरवर संध्याकाळी सात वाजता मिळेलच असं नाही. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याचा सबस्ट्रीम (त्याच चित्राची हलकी आवृत्ती) ५१२ केबीपीएस, १२ ते १५ फ्रेमवर ठेवा. चार कॅमेऱ्यांना मिळून २ एमबीपीएस पुरतात. मोबाइलच्या पडद्यावर चार चौकोनांत फरक कळत नाही, एखादा कॅमेरा मोठा करून नीट बघायचा असेल तेव्हाच मुख्य स्ट्रीम निवडायचा.

लाइव्ह चित्र ठीक चालतं आणि जुनं रेकॉर्डिंग अडखळतं, त्याचं कारणही यातच आहे. रेकॉर्डिंग मुख्य स्ट्रीमचं होतं, त्यामुळे मागचं बघताना आख्खे २ किंवा ४ एमबीपीएस खेचावे लागतात. हार्डडिस्कचा हिशेबही याच आकड्यावरून निघतो: १ एमबीपीएस म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. २ एमबीपीएसचे चार कॅमेरे दिवसाला ८६.४ जीबी खातात, म्हणजे १ टीबीमध्ये अकरा दिवस.

पोर्ट का उघडू नये

समजा सार्वजनिक पत्ता आहे आणि पोर्ट उघडता येतो. तरी नको. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे आणि डीव्हीआर शोधले, कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या लावून पाहिल्या आणि लाखो यंत्रं ताब्यात घेतली. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससकट अनेक साइट काही तास गडबडल्या. ‘आमचा पासवर्ड मजबूत आहे’ हेही पुरेसं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये हायकव्हिजनच्या अनेक मॉडेलांतली एक त्रुटी जाहीर झाली. तिच्यात पासवर्डची गरजच नव्हती, वेबचा पोर्ट बाहेरून पोचता आला की यंत्राचा पूर्ण ताबा मिळत होता. फर्मवेअर निघालं, पण कपाटावरच्या डीव्हीआरचं फर्मवेअर कोण बघतो?

८००० च्या ऐवजी ४८१२३ वगैरे पोर्ट घेतल्याने दार लपत नाही. शोधणारी यंत्रं सगळेच पोर्ट चाळतात.

आणि पासवर्ड. सीसीटीव्हीवाले सगळ्या गिऱ्हाइकांना एकच ठेवतात, ॲडमिन१२३ किंवा त्याच्या मागेपुढे काहीतरी, कारण उद्या फोन आला तर त्यांना लक्षात राहिला पाहिजे. त्यांची सोय समजू शकते, पण बिल चुकतं केल्यादिवशी तो बदलायचा आणि रोज बघण्यासाठी फक्त लाइव्ह आणि प्लेबॅकची परवानगी असलेला वेगळा युजर बनवायचा. ॲडमिन खातं मोबाइलमध्ये ठेवूच नका.

मग रस्ता कोणता

घरातल्या ज्येष्ठांनाही वापरायचं असेल आणि देखभाल करायला कोणी नसेल तर कॅमेऱ्याच्या कंपनीची पी२पी सेवा घ्या. हायकव्हिजनचं हिक-कनेक्ट, दाहुआचं डीएमएसएस. यात डीव्हीआर स्वतः बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करतो, तुमचा मोबाइलही तिथेच जातो आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. आतून बाहेर जाणारी जोडणी असल्यामुळे सीजीनॅट आडवा येत नाही आणि राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावा लागत नाही. डीव्हीआरमध्ये प्लॅटफॉर्म ॲक्सेस किंवा पी२पी चालू करा, स्थिती ‘ऑनलाइन’ दिसू द्या, मग पडद्यावरचा क्यूआर कोड ॲपमधून स्कॅन करा. हायकव्हिजनमध्ये व्हेरिफिकेशन कोड तुम्हीच ठरवायचा असतो. तो वहीत लिहून ठेवा, चित्र उघडताना पुन्हा विचारला जातो.

इथे एक गोम आहे. डीव्हीआर एका वेळी एकाच मालकाच्या खात्याला बांधला जातो, बाकीच्यांना तो मालक शेअर करतो. सीसीटीव्हीवाला घाईत स्वतःच्या खात्यात जोडतो आणि तुम्हाला शेअर पाठवतो. म्हणजे मालक तो, तुम्ही पाहुणे. त्याच्याशी बिनसलं किंवा त्याने धंदा बंद केला की सोडवून घेणं त्रासाचं होतं. काम चालू असतानाच आपल्या मोबाइलवर, आपल्या नंबरचं खातं काढून त्यातून कोड स्कॅन करायला लावा.

पी२पीचा तोटा उघड आहे: तुमच्या घराचं चित्र कुठल्या सर्व्हरवरून जातं यावर तुमचा ताबा नाही. ज्यांना ते नको त्यांनी व्हीपीएन लावावं.

सार्वजनिक पत्ता असेल तर वायरगार्ड हे व्हीपीएन. मायक्रोटिकचे राउटर, ओपन-डब्ल्यूआरटी हे मोफत फर्मवेअर घातलेले राउटर, असूसचे आणि टीपी-लिंकच्या आर्चर मालिकेतले काही राउटर यांत ते आतच येतं. कंपनीने फुकट दिलेल्या डब्यात सहसा नसतं. राउटरवर वायरगार्ड सर्व्हर चालू करा, यूडीपी ५१८२० हा एकच पोर्ट ऐकत ठेवा. हाही उघडा पोर्टच, मग फरक काय? योग्य किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही.

मोबाइलच्या बाजूला ‘अलाउड आयपी’ या रकान्यात फक्त गावच्या घरचा पट्टा भरा, १९२.१६८.४७.०/२४ (म्हणजे १९२.१६८.४७ ने सुरू होणारे सगळे पत्ते). तिथे ०.०.०.०/० (म्हणजे जगातले सगळेच पत्ते) भरलं तर मोबाइलचं सगळं इंटरनेट गावच्या लाइनवरून फिरून येतं आणि यूट्यूबही रडतं. कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संदेश) २५ सेकंद. एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, मुळात १४२० असतो. लाइन पीपीपीओईची असेल तर तो १४१२ करा. हा आकडा चुकला की खूण ठरलेली असते: लॉगिन होतं, कॅमेऱ्यांची यादी येते, चित्राच्या जागी गोल फिरत राहतो. छोटी पाकिटं जातात, चित्राची मोठी पाकिटं अडतात.

सार्वजनिक पत्ता बदलता असेल तर डीडीएनएस, म्हणजे बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सेवा लागते. राउटरमध्येच त्याचं पान असतं. नो-आयपीचं फुकट खातं घेतलं तर दर ३० दिवसांनी मेलमधल्या दुव्यावर टिचकी मारून नाव जिवंत ठेवावं लागतं, डकडीएनएसला तेवढी कटकट नाही.

सीजीनॅट असेल आणि पी२पी नको असेल, तर माझी पसंती टेलस्केल या व्हीपीएन सेवेला. आतून ते वायरगार्डच आहे, दोन्ही टोकं बाहेर जाऊन एकमेकांना शोधतात. डीव्हीआरमध्ये ते बसत नाही, म्हणून घरात एक छोटं लिनक्स यंत्र लागतं. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा संगणकसुद्धा सबस्ट्रीमला पुरतो, पण लॅन पोर्ट असलेलं मॉडेल घेतलेलं बरं. त्यावर टेलस्केल टाका, लिनक्समध्ये आयपी फॉरवर्डिंग चालू करा, सबनेट राउटर (घरच्या बाकी यंत्रांपर्यंत वाट देणारा) म्हणून १९२.१६८.४७.०/२४ जाहीर करा. एवढ्यावर काम होत नाही. टेलस्केलच्या ॲडमिन पानावर जाऊन तो पट्टा मंजूर करावा लागतो, ही पायरी बहुतेकांची राहून जाते. त्याच पानावर त्या यंत्राची ‘की एक्स्पायरी’ बंद करा. मुळात ती १८० दिवसांची असते, आणि सहा महिन्यांनी जोडणी गप्प होते तेव्हा गावात कोणी नसतं.

मोबाइलमध्ये टेलस्केल चालू करून कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये डीव्हीआर क्यूआरने नाही, ‘आयपी/डोमेन’ पर्यायाने जोडा: पत्ता १९२.१६८.४७.२०, पोर्ट हायकव्हिजनला ८०००, दाहुआ घराण्याला ३७७७७. ॲप नको असेल तर व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये आरटीएसपीचा (कॅमेऱ्याच्या थेट व्हिडिओचा) पत्ता, पोर्ट ५५४, चालतो. हायकव्हिजनमध्ये चॅनेल १०१ म्हणजे पहिल्या कॅमेऱ्याचा मुख्य स्ट्रीम, १०२ म्हणजे त्याचाच सबस्ट्रीम, दुसऱ्या कॅमेऱ्याचे २०१ आणि २०२. हे चालू झालं की डीव्हीआरमधलं पी२पी बंद करून टाका.

चाचणी नेहमी वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर घ्या. घरच्या वायफायवर राहून बाहेरचं नाव उघडून पाहिलं तर कित्येक राउटरांना आतून बाहेर जाऊन परत आत वळणं जमत नाही, आणि सगळं बरोबर असूनही ‘चालत नाही’ असं वाटतं.

वायफाय कॅमेऱ्यांबद्दल थोडंसं. स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलं असेल तर जोडणीच्या वेळी ५ गिगाहर्ट्झ तात्पुरतं बंद करा आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा. असे कॅमेरे गेस्ट नेटवर्कवर टाकलेले चांगले, पण मग ते डीव्हीआरला किंवा वरच्या व्हीपीएनला दिसत नाहीत. त्यांना त्यांचं पी२पी ॲपच वापरावं लागतं.

वीज

ही सगळी जुळवाजुळव लोडशेडिंगमध्ये अर्ध्या तासात कोलमडते. फायबरचा डबा, राउटर, रास्पबेरी पाय, डीव्हीआर आणि चार कॅमेऱ्यांना वीज देणारा १२ व्होल्टचा एसएमपीएस मिळून ५० वॅटच्या आसपास जातात. घराच्या इन्व्हर्टरवर हे सहज चालतं, फक्त सगळ्यांचे प्लग इन्व्हर्टरच्याच लाइनवर आहेत ना ते बघा. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस राउटर आणि फायबरचा डबा सांभाळतो. त्यावर डीव्हीआर लावू नका, हार्डडिस्क सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते आणि यूपीएस बसतो.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाच्या सुरुवातीला विजा पडतात तेव्हा पहिला बळी जातो तो लॅन पोर्टचा. घरापासून गोठ्यापर्यंत किंवा गेटपर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल गेली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर आणि त्याला खरं अर्थिंग द्या. अंतर ३०-४० मीटरच्या वर असेल तर मधला टप्पा फायबरचा करून दोन टोकांना लॅन केबल आणि फायबर जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लावा. काचेतून वीज जात नाही, आणि दोन कन्व्हर्टर मिळून एका नव्या डीव्हीआरपेक्षा स्वस्त पडतात.